उलटलेली कॉलर

कपड्यांवरून माणसाची परीक्षा करू नये, असं सांगणारा माणूस स्वतः नेहमी चांगल्या कपड्यांत असतो, असा माझा अनुभव आहे. आमच्या बँकेत ‘ग्राहक हाच देव’ या विषयावर व्याख्यान द्यायला मुख्य कचेरीतून एक साहेब आले होते. त्यांनी हे वाक्य तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा टायची गाठ सारखी केली.

या बाबतीत आपल्या वाडवडलांचाही गोंधळच दिसतो. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असं एकदा सांगून ठेवायचं, आणि कुणी खरंच चार चांगले कपडे घालून निघाला की मागून ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ म्हणून ओरडायचं! मध्ये आपला मध्यमवर्गीय माणूस एक हात शर्टाच्या बाहीत आणि एक हात बाहेर अशा अवस्थेत आयुष्यभर उभा. कपडे करावेत की करू नयेत? केले तर कोणासाठी? आणि आपण आहोत त्यापेक्षा बरे दिसलो, तर ते खोटं बोलणं झालं का?

एवढा खोल विचार करण्याची मला सवय नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्याकडे प्रश्न दोनच : नावे की जमा? पण माझा मुलगा एफ. वाय. बी. कॉम.ला गेला आणि एके दिवशी जेवताना म्हणाला, ‘‘बाबा, मला प्रेपी कपडे हवेत.’’

मला वाटलं, परीक्षेच्या प्रिपरेशनशी संबंधित काहीतरी असेल. बाप म्हणून ऊर भरून आला. पुढे कळलं की मी अगदीच चुकलो नव्हतो. अमेरिकेत श्रीमंतांच्या मुलांना मोठ्या कॉलेजांसाठी तयार करणाऱ्या खासगी शाळा असतात. त्या प्रेप स्कूल्स, आणि त्यांतली पोरं ती प्रेपी. त्यांचा पोशाख ठरलेला : कॉलरच्या टोकांना बटणं असलेला जाड ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट, पितळी बटणांचा निळा ब्लेझर, खाकी सुती पँट आणि पायात मोज्यांशिवाय बूट. गेली सत्तर-ऐंशी वर्षं यात फारसा फरक नाही. १९६५ साली जपान्यांनी तिकडच्या कॉलेजांतल्या पोरांचे फोटो काढून ‘टेक आयव्ही’ नावाचं पुस्तकच छापलं. १९८० साली लिसा बर्नबाख नावाच्या बाईंनी काही मंडळींना बरोबर घेऊन या लोकांची थट्टा करणारं एक पुस्तक काढलं, तर लोकांनी ते मार्गदर्शक समजून त्याबरहुकूम कपडे घेतले. विनोद लिहिणाऱ्याच्या नशिबी दोनच गोष्टी असतात. एक तर लोक हसत नाहीत, नाहीतर ऐकतात. दुसरी जास्त भयंकर.

‘‘याला ओल्ड मनी लुक म्हणतात,’’ मुलानं खुलासा केला.

‘‘आपल्याकडे त्यातलं ओल्ड तेवढं आहे,’’ आमटी वाढता वाढता हिनं सांगितलं.

तरी गेलो. लोअर परळला. जिथं पूर्वी गिरण्यांचे भोंगे व्हायचे, तिथं आता मॉल आहेत. एका दुकानात मुलानं आकाशी रंगाचा एक शर्ट उचलला. कापड चांगलं होतं. कापड मला कळतं. का कळतं ते पुढे सांगतो. पण कॉलर पाहिली आणि मी विक्रेत्या पोराला हाक मारली. ‘‘अरे, हा पीस खराब आहे. कॉलर विरली आहे बघ. सुतं निघालीत.’’

तो गोड हसला. खेडवळ नातेवाइकाकडे पाहून हसतात तसा. ‘‘सर, तो लुक आहे. फॅक्टरीतच तशी करतात.’’

किंमत ६,९९९ रुपये. विरण्याचे वेगळे घेतलेत का, ते मी विचारलं नाही.

आता गंमत पाहा. हा पोशाख अमेरिकन म्हणून आपण मोठ्या कौतुकानं घेतो, पण त्याची अर्धी बारशी आपल्याच अंगणात झालेली. खाकी म्हणजे मातीच्या, धुळीच्या रंगाची. शब्दच मुळी इकडचा. जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजीत डंगरी म्हणतात, ती आपल्या डोंगरीवरून. गिरगावातून रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासाची वाट. पोलो खेळताना कॉलर तोंडावर उडू नये म्हणून इंग्रज खेळाडू तिला बटणं लावायचे. ते पाहून न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्सनी तसे शर्ट काढले, असं सांगतात. आणि पोलो इंग्रज शिकले मणिपुरात! या मंडळींच्या उन्हाळी चौकडीच्या शर्टांचं कापड मद्रासचं. त्याचा रंग धुण्यात जायचा. आपल्याकडे शर्टाचा रंग गेला तर आई थेट दुकानदाराचा रंग उतरवून यायची. तिकडे त्यांनी ‘रंग जाणारच, याची हमी’ अशी जाहिरात केली आणि लोकांच्या उड्या पडल्या. खोट हीच खूण म्हणून विकायची कला आमच्या बँकेला अजून साधलेली नाही. नाहीतर ‘येथे हमखास थांबावे लागेल’ अशी पाटी लावून आम्ही केव्हाच पुढे गेलो असतो.

पण माझं मन त्या कॉलरपाशी अडकलं होतं. कारण विरलेल्या कॉलरशी आमच्या घराण्याचा संबंध फार जुना आहे.

आमचे आप्पा लालबागच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात कारकून होते. तयार कापड तपासायचं, मोजायचं, घडी घालून छाप मारायचा, ते हे खातं. आप्पा नोंदी ठेवायचे. पण वीस वर्षं कापडाशेजारी बसून त्यांच्या बोटांना डोळे फुटले होते. पाहुणा घरात आला की ‘या, बसा’ म्हणत त्याच्या बाहीचं कापड दोन बोटांत चोळून बघायचे. पाहुण्याला वाटायचं, काय प्रेमळ माणूस!

स्वतःच्या कपड्यांबाबत आप्पांचा कायदा कडक होता. दोन आकाशी शर्ट, दोन पांढरे. एक करडी पँट, एक तपकिरी. लग्नकार्याला निळा कोट, तो त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. सत्तरच्या दशकात बेलबॉटमची साथ आली तेव्हा गिरगावच्या काकांनी पायाखालचा जिना झाडून निघेल एवढ्या घेराची पँट शिवली. आप्पांच्याही मागे लागले. आप्पा शिंप्याला म्हणाले, ‘‘ही फॅशन दोन वर्षांत जाईल. पँट मला दहा वर्षं घालायची आहे. बाकीची आठ वर्षं काय करू?’’

वाणिज्य शाखेत पुढे मी घसारा शिकलो, तेव्हा मला पहिल्यांदा आप्पा कळले. फॅशनचा घसारा पहिल्याच वर्षी शंभर टक्के. आप्पांच्या शर्टाचा घसारा सरळ रेषा पद्धतीनं, दर वर्षी थोडा थोडा, आणि शेवटी भंगारमूल्य म्हणून पायपुसणं शिल्लक. पटत नसेल तर घरातला जुना अल्बम उघडा. आमच्या अल्बममध्ये काका प्रत्येक पानावर वेगळे दिसतात आणि प्रत्येक पानावर घरातली पोरं त्यांना हसतात. आप्पा मात्र १९७४ साली, १९८१ साली आणि माझ्या मुंजीत एकसारखे. कालच फोटो काढल्यासारखे.

म्हणूनच मला वाटतं, हा साधा, जुना, ठरलेला पोशाख टिकला तो त्यातल्या दिमाखामुळे नव्हे, दयेमुळे. फॅशन दर वर्षी तुमचा पगार विचारते. हा पोशाख विचारत नाही. यंदाचा शर्ट कोणता आणि दहा वर्षांपूर्वीचा कोणता, हे तो चारचौघांत सांगत नाही. पँट शिवताना शिंपी आत शिवणीला जास्तीचं कापड सोडतो, त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. माणूस सुटला की पँट सोडता यावी, बापाची पोराला करता यावी, यासाठी ती. एवढ्या व्यवहारी गोष्टीला इतकं हळवं नाव देणारा शिंपी कोण होता कोण जाणे. आप्पा बजावायचे, ‘‘माया भरपूर ठेवा.’’ माझ्या दहावीच्या निरोप समारंभाला मी जी करडी पँट घालून गेलो, ती त्या मायेतूनच निघालेली.

शर्टाची मात्र आधी कॉलर जाते. दाढीचे खुंट घासून मागची घडी विरते. मग आप्पा शर्ट घेऊन शिंप्याकडे जायचे. तो कॉलर उसवायचा, उलटी करायचा आणि पुन्हा बसवायचा. विरलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. शर्टाला आणखी तीन वर्षांचं आयुष्य. खूण एवढीच राहायची की आतली बाजू उन्हात विटलेली नसल्यामुळे कॉलर शर्टापेक्षा एका छटेनं गडद दिसायची. अर्थात, ती कोणाला दिसणार? ज्याच्या घरात उलटतात त्यालाच.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी, सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आप्पांची गिरणी पुन्हा उघडली नाही. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. त्यामुळे मला संप आठवत नाही; संपानंतरचे आप्पा आठवतात. रोज सकाळी साडेआठला आकाशी शर्ट, करडी पँट, खिशात पेन, हातात डबा. शर्टाला कडक इस्त्री; म्हणजे गादीखालची, रात्रभर माणूस वर झोपवून केलेली. आमच्या घरात कुशीवर वळायची परवानगी नव्हती. घडी मोडेल!

मला वाटायचं, आप्पा कामावर जातात.

दुसरीत असताना कोणी पुढारी वारले म्हणून शाळा लवकर सुटली. आम्ही दोघं-तिघं परळच्या मैदानावरून येत होतो. कठड्यावर आप्पा बसले होते. खाली रुमाल पसरला होता, पँटीला मळ लागू नये म्हणून. मांडीवर डबा. समोर पोरं क्रिकेट खेळत होती, पण आप्पा बघत होते ते पलीकडच्या धूर न निघणाऱ्या चिमणीकडे. मला पाहून ते दचकले नाहीत. रुमाल झटकला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘‘चल, उसाचा रस पिऊ.’’ अर्धा ग्लास मला, अर्धा त्यांना. घरी यातलं काही बोलायचं नाही, असं त्यांनी सांगितलं नाही. मी बोललोही नाही.

पुष्कळ वर्षांनी आईला विचारलं, ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘डबा मीच भरत होते ना?’’ आई म्हणाली. ‘‘आणि शर्ट गादीखाली कोण ठेवत होतं?’’

चाळीलाही माहीत होतं. निम्म्या खोल्यांत संपच होता. कोण कोणाला फसवणार? एका शेजाऱ्यानं मात्र एकदा जिन्यात ती बाजीरावाची म्हण ऐकवली. आप्पांनी त्याच्या बाहीचं कापड दोन बोटांत चोळलं, ‘‘चांगलं आहे, जपून धुवा,’’ म्हणाले आणि खाली उतरले.

पुढे त्यांना लालबागला दोन मसाल्याच्या दुकानांत वह्या लिहायचं काम मिळालं. शर्टाला मिरचीचा वास यायला लागला आणि घरात सगळे शिंकायला लागले. त्या शिंकांनी घराला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

तर प्रश्न असा. ६,९९९ रुपयांचा शर्ट न झालेली झीज दाखवतो. आप्पांचा शर्ट झालेली झीज लपवत होता. तराजूत घातलं तर दोन्ही खोटंच. मग एकाचा राग का येतो, आणि दुसरा आठवला की मान खाली का जाते?

बँकेत मी एक कसोटी शिकलो. कोणी उसना सूट घालून कर्ज मागायला येतो, तेव्हा तो सूट काहीतरी मागत असतो. आप्पांचा शर्ट कोणाकडे काहीच मागत नव्हता. मैदानातल्या पोरांकडून काय मिळणार होतं? गिरणीचं मस्टर बंद झालं होतं. हा माणूस रोज सकाळी स्वतःच्याच मस्टरवर सही करत होता. नाही म्हणायला त्यात लाजही होती. मी ती धुऊन काढणार नाही. पण नुसती लाज असती, तर माणूस खोलीत बसून राहिला असता. तिला इस्त्री करून बाहेर काढण्याचे कष्ट कोण घेतं?

आणि त्या अमेरिकन ‘ओल्ड मनी’वाल्यांचंही ऐका. ते खरोखरच आजोबांचा कोट आणि विरलेली कॉलर मिरवतात म्हणे. मिरवणारच! त्यांना कोणत्या दारावर कोण अडवणार आहे? त्यांची विरलेली कॉलर सांगते, मला नवा शर्ट घ्यायची गरज नाही. आप्पांची विरलेली कॉलर सांगेल, मला नवा शर्ट घेता येत नाही. सुतं सारखीच निघालेली, पण एकाचं झालं वैभव आणि दुसऱ्याची गरिबी. म्हणून एकानं ती मिरवायची आणि दुसऱ्यानं उलटून घ्यायची. हा फरक करतो कोण? कापड नाही करत. दारावरचा माणूस करतो.

आता तो दारावरचा माणूस कोण, हे सांगायची वेळ आली. मीच तो.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनरांची गर्दी असते. आपण जिवंत आहोत असा दाखला त्यांना दर वर्षी द्यावा लागतो; समोर उभं राहिल्यानं भागत नाही. काउंटरपुढे एक म्हातारे गृहस्थ केव्हाचे उभे होते. तेवढ्यात दारातून पितळी बटणांचा निळा ब्लेझर आला. मी माझ्या नकळत उठलो. ‘‘या साहेब, बसा. काय काम होतं?’’

‘‘काही नाही,’’ ब्लेझर म्हणाला, ‘‘इथं चष्म्याचं दुकान होतं ना? ते कुठं गेलं?’’

मी दारापर्यंत जाऊन चष्म्याचं दुकान दाखवलं. परत आलो, तर म्हातारबुवा तसेच उभे. ‘‘आजोबा, फॉर्म भरलाय का?’’ मी बँकेच्या खास आवाजात विचारलं. त्यांनी वाकून फॉर्म पुढे केला आणि मला त्यांची कॉलर दिसली. आकाशी शर्ट, कडक इस्त्री. कॉलर शर्टापेक्षा एका छटेनं गडद.

मी उभा राहिलो. खुर्ची दिली. पण अर्धा तास उलटून गेला होता, आणि अर्ध्या तासाला आतली बाजू नसते. मी उशिराबद्दल माफी मागितली तर ते म्हणाले, ‘‘असू द्या हो, बँकेत वेळ लागायचाच.’’ त्यांच्या शर्टानं मला लाजवलं नाही, एवढी त्याची मर्यादा. मीच लाजलो. आप्पांना बाहेर कुठं कुठं असा अर्धा अर्धा तास उभं राहावं लागलं असेल, याचा हिशोब त्या दिवशी मी पहिल्यांदा केला.

तो मॉलमधला शर्ट आम्ही घेतला नाही. घरी आल्यावर मुलगा रुसून माळ्यावरची ट्रंक उपसत बसला आणि थोड्या वेळानं आप्पांचा आकाशी शर्ट घेऊन आला. आप्पांना जाऊन बारा वर्षं झाली. ‘‘बाबा, हा बघ! एकदम ओरिजिनल. मी कॉलेजला घालू?’’

मला एकदम माधव मंत्र्यांची गोष्ट आठवली. दादर युनियनचे मंत्री चार कसोटी सामने खेळले. त्यांचा भाचा सुनील लहान असताना मामाच्या कपाटातले स्वेटर पाहून हरखला आणि एखादा घालू का, म्हणाला. मामानं सांगितलं, हा असा मिळत नाही, घाम गाळून कमवावा लागतो. भाच्याचं नाव गावस्कर. पुढे त्यानं किती स्वेटर कमावले, ते जगाला माहीत आहे.

मी काही मंत्री नाही आणि आमचे चिरंजीव उपनगरी गाडीतही वेळेवर धावत नाहीत. पण म्हटलं, प्रयत्न करून बघावा. त्याला समोर बसवलं. मैदान, रुमाल, उसाचा रस, सगळं सांगितलं. कॉलरची गडद छटा दाखवली. तो बराच वेळ कॉलरवरून बोट फिरवत राहिला. मग मी म्हणालो, ‘‘घाल. पण हा असा मिळत नाही. इस्त्री तुझी तू करायची, आजोबांच्या पद्धतीनं. गादीखाली.’’

त्यानं एक शब्द न बोलता शर्टाची घडी केली, गादी उचलली, शर्ट नीट पसरून ठेवला आणि त्यावर झोपला. माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले तरी तो उठला नव्हता. कॉलेजचे दोन तास बुडाले होते. मी जाऊन हलवलं, तर डोळे न उघडता म्हणाला, ‘‘बाबा, हलवू नकोस रे. घडी मोडेल.’’